नॉर्मंडीचं लग्नाचं कपाट: निवडण्यापासून चादरी रचेपर्यंत

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातल्या रूआं शहरात राहायला आलो तेव्हा भाड्याच्या घरात एकही कपाट नव्हतं. दोन सोलापुरी चादरी, आईने दिलेली गोधडी, पाहुण्यांसाठीचे टॉवेल, पलंगपोस, उशांचे अभ्रे हे सगळं चार महिने बॅगांमध्ये पडून होतं. मग एका रविवारी जुन्या बाजारात ओकचं, दारांवर कबुतरं कोरलेलं, माणसापेक्षा उंच कपाट दिसलं. किंमत भुशाच्या फळ्यांच्या नव्या कपाटाहून कमी. मी भाव न करता घेतलं.

ते जिन्यात अडकलं. एक रात्र ते तळमजल्यावर जिन्याखाली उभं होतं. सकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी कुत्र्याला फिरवायला निघाल्या, त्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सा से देमोंत, मादाम." हे सुटं करता येतं, बाई.

या तीन शब्दांत अख्खा विषय आहे. हे कपाट सुटं करण्यासाठीच बनवलेलं असतं. ते खरं की नक्कल, घरात येईल की नाही, दुरुस्त होईल की नाही, या सगळ्याची उत्तरं त्याचे सांधे पाहून मिळतात. मला हे दुसऱ्या कपाटाच्या वेळी कळलं. तुम्हाला पहिल्याच वेळी कळावं म्हणून हे लिहिते आहे.

१. घेताय ते काय आहे, हे आधी समजून घ्या

फ्रेंचमध्ये याला 'आर्मुआर' म्हणतात. मूळ लॅटिन शब्द 'आर्मारियम'. पोर्तुगीजांनी त्याचंच 'आर्मारियु' केलं आणि आपण त्याची 'अलमारी' केली. म्हणजे शब्द तुमच्या घरात आधीपासूनच आहे.

नॉर्मंडीत अठराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत मुलीच्या लग्नात असं कपाट देण्याची रीत होती. आत तिचं कापड: चादरी, टेबलावरची वस्त्रं, हातपुसणी, डझनाच्या हिशेबात, कोपऱ्यात लाल दोऱ्याने आद्याक्षरं भरलेली. लग्नाच्या सुमारास हे कपाट गाडीवर घालून सासरी नेत, गावाने ते पाहावं अशा बेताने. आपलं रुखवत मांडलेलं असतं, त्यांचं रस्त्यावरून जायचं, इतकाच फरक.

दारांवरचं कोरीवकाम लग्नाचंच असतं. कबुतरांची जोडी, मदनाचा भाता आणि मशाल, फुलांची परडी, गव्हाच्या लोंब्या, द्राक्षांचे घोस, कधी वाद्यं. लाकूड बहुतेक ओक. फ्रान्सच्या इतर भागांत लाकूड आणि थाट बदलतो. प्रोव्हान्समध्ये अक्रोडाचं लाकूड दिसतं, अल्सासमध्ये रंगवलेली कपाटं दिसतात. मी फक्त नॉर्मंडीचं सांगते, कारण तेवढंच मी हाताळलं आहे.

इतकं मोठं कपाट कशाला, हा प्रश्न मला पहिल्या दिवशीच पडला होता. उत्तर धुण्यात आहे. जुन्या काळी खेड्यात मोठं धुणं वर्षातून दोन-तीनदाच व्हायचं. मोठ्या लाकडी पिंपात कपडे रचायचे, वर राखेचं फडकं आणि त्यावरून पुन्हा पुन्हा गरम पाणी ओतायचं. आपल्या परिटाच्या भट्टीची आठवण यावी असाच प्रकार. सहा महिने धुणं नाही म्हटल्यावर सहा महिने पुरतील इतक्या चादरी घरात हव्यात. ज्या घरात चादरी जास्त, त्या घराला धुण्याची घाई नाही, म्हणजे घर खातंपितं.

यातून तुमच्या कामाची गोष्ट अशी की हे कपाट घड्या घालून ठेवण्यासाठी आहे, टांगण्यासाठी नाही. आतली खोली बहुतेकदा हँगर आडवा मावेल इतकी नसते. कोट आणि कुर्ते टांगायचे असतील तर दुसरं काही बघा. चादरी, गोधड्या आणि साड्यांसाठी याच्यासारखं काही नाही.

२. आधी घर मोजा, मग बाजारात जा

ही कपाटं साधारण सव्वादोन ते अडीच मीटर उंच, दीड मीटर किंवा थोडी जास्त रुंद आणि पाऊण मीटरच्या आत खोल असतात. नव्या इमारतींत छत अडीच मीटरवर असतं. तिथे सव्वादोन मीटरच्या वर जाऊ नका. जुन्या पॅरिसी किंवा रूआंच्या घरांत छत उंच असतं, पण जिना अरुंद आणि वळणाचा. एकीकडे मिळतं ते दुसरीकडे जातं.

मोजायचं ते असं. छताची उंची खोलीच्या तीन ठिकाणी, कारण जुन्या घरांत ती सारखी नसते. ठेवायच्या भिंतीची लांबी, त्यातून रेडिएटर आणि खिडकी वजा करून. दारं उघडायला समोर हवी असलेली जागा, जी सगळेच विसरतात: एकेक दार पाऊण मीटर पुढे येतं. घराच्या आणि खोलीच्या दाराची रुंदी. जिन्याच्या सगळ्यात अवघड वळणाची रुंदी. लिफ्ट असेल तर आतली उंची आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं माप.

कपाटाचं माप विचारताना 'आव्हेक ला कॉर्निश' म्हणजे माथ्याच्या कोरीव पट्ट्यासकट विचारा. तो पट्टा चारी खांबांच्या बाहेर येतो आणि रुंदी-खोलीत दहा-पंधरा सेंटिमीटर सहज वाढवतो. विक्रेता कधी अंगाचं माप सांगतो, कधी माथ्याचं, आणि दोन्ही वेळा खरंच बोलत असतो. शिवाय माथा सगळ्यात शेवटी वरून बसवायचा असतो, त्यासाठी छताखाली पाच-सात सेंटिमीटर मोकळे हवेत. माझं पहिलं कपाट छताला चार सेंटिमीटर कमी होतं. माथा वर्षभर पलंगाखाली होता.

३. कुठे शोधायचं

'व्हीद-ग्रेनिए' म्हणजे गावाने एका रविवारी माळे रिकामे करण्याचा बाजार. इथे मोठी कपाटं क्वचित येतात, किल्ल्या आणि बिजागऱ्या मात्र भरपूर. 'ब्रोकांत' म्हणजे जुन्या वस्तूंचा धंदेवाईक बाजार किंवा दुकान. रूआंमध्ये रू दामिएतला अशी दुकानं आहेत, पॅरिसच्या उत्तरेला सेंत-ऊआंचा मोठा बाजार आहे. 'देपो-व्हांत'मध्ये लोक आपलं सामान विकायला ठेवतात आणि दुकान कमिशन घेतं. एमाऊस ही आबे पिएर या धर्मगुरूंनी १९४९ मध्ये सुरू केलेली संस्था दान आलेल्या वस्तू विकते, तिथे नशिबाचा भाग मोठा. 'ल बाँ क्वां' या संकेतस्थळावर आजोबांचं घर विकायला काढलेली कुटुंबं थेट विकतात. आणि लिलाव.

लिलावाबद्दल एकच सावधगिरी. हातोडा पडतो ती रक्कम तुमची नाही. त्यावर खरेदीदाराचं शुल्क लागतं, साधारण वीस ते तीस टक्के. २०० युरोला मिळालं म्हणून खूश होऊ नका, २५० धरा. शुल्काची टक्केवारी आधीच छापलेली असते, ती वाचा. माल उचलायची मुदतही वाचा, नंतर ठेवणावळ लागते. आणि लिलावाआधीच्या प्रदर्शनात प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय बोली लावू नका.

भावाची परिस्थिती आपल्या फायद्याची आहे. तीस वर्षांपूर्वी ज्या कपाटांना आजच्या हजारो युरोंइतके फ्रँक मोजले जात, ती आज काही शे युरोंत मिळतात. घरं लहान झाली, नव्या पिढीला गडद लाकूड नको आहे. मी दुसरं कपाट एका कुटुंबाकडून २८० युरोंना घेतलं आणि त्याच्या वाहतुकीला त्याहून जास्त दिले. म्हणून किमतीचा विचार नेहमी घरात उभं होईपर्यंतच्या खर्चासकट करा.

घासाघीस चालते, पण तुळशीबागेसारखी नाही. निम्म्यापासून सुरुवात केलीत तर समोरचा पाठ फिरवतो. आधी 'बोंझूर', मग कपाटाबद्दल दोन चांगले प्रश्न, मग "व्हू पुव्हे फेर अँ जेस्त?" म्हणजे काही सवलत द्याल का. दहा-पंधरा टक्के सुटतात. विक्रेता बहुधा एक गोष्ट सांगेल: मुलगी जन्मली की बाप ओक तोडायचा, लाकूड वाळत ठेवायचा आणि ती लग्नाची झाली की कपाट करायचा. ऐकायला छान आहे. त्या गोष्टीचे पैसे देऊ नका.

४. दारं उघडा, खाली वाका, मागे जा

समोरून कपाट पाहून काही कळत नाही. समोरची बाजू दाखवायलाच केलेली असते. विजेरी घ्या आणि उलट बाजूने सुरुवात करा.

*पाठ.* जुन्या कपाटाच्या पाठीला रुंद, ओबडधोबड फळ्या असतात, रंध्याने वा करवतीने जेमतेम साफ केलेल्या. कोणी पाहणार नाही तिथे कारागिराने वेळ घालवलेला नसतो. फळीवर करवतीच्या गोल कमानीसारख्या खुणा दिसल्या तर ती यंत्राच्या चक्री करवतीची, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची. पाठीला प्लायवूड असेल तर पाठ बदलली आहे. हा मोठा गुन्हा नाही, पण भाव कमी करायला कारण आहे.

*खुंट्या.* हीच मुख्य जागा. आडवे तुकडे खांबांना साल-कुसवाने, म्हणजे एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून, जोडलेले असतात आणि त्यातून लाकडी खुंटी आरपार जाते. हाताने तासलेली खुंटी पूर्ण गोल नसते, थोडी चौकोनी, थोडी कोनाची असते. लाकूड शतकभर आकसल्यामुळे तिचं डोकं पृष्ठभागाबाहेर किंचित आलेलं असतं, बोट फिरवलं की लागतं. सगळ्या खुंट्या सारख्या, गुळगुळीत आणि गोल असतील तर सांधा नवा. काही सांध्यांत डिंक भरलेला असेल तर थांबा. कोणीतरी ते कायमचं चिकटवलं आहे, आणि तुमच्या जिन्यात ते जाणार नाही.

*दारांचे पाट.* दारातला कोरीव पाट चौकटीच्या खाचेत नुसता बसवलेला असतो, चिकटवलेला नाही. लाकूड हवामानाप्रमाणे फुगतं-आकसतं, त्याला हलायला जागा हवी. पाट हाताने किंचित हलला तर ते बरोबर आहे. विक्रेत्याला वाटतं तुम्ही दोष काढणार, तुम्ही मनात खूण करा.

*बिजागऱ्या.* लांब, वर-खाली टोकाला कलशासारखा आकार असलेल्या. उघडं दार सरळ वर उचललं की त्यातून निघतं. निघतं का, ते विचारा आणि करून दाखवायला सांगा.

*किल्ली.* या कपाटाला मूठ नसते. किल्ली हीच मूठ. ती नसेल तर दार ओढायलाच काही नाही. डावं दार आतून वर-खाली अडकवलेलं असतं आणि मधली कोरीव पट्टी बहुतेकदा त्यालाच असते, म्हणून आधी उजवं उघडायचं. कुलूप फिरतं का, हे दार बंद करूनच तपासा. उघड्या दारात सगळी कुलपं फिरतात.

*किडे.* एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं जवळजवळ प्रत्येक जुन्या कपाटात असतात. भोक म्हणजे किडा बाहेर पडून गेल्याची खूण. प्रश्न आत अजून कोणी आहे का हा. भोकाच्या कडा काळपट, आतून धुळकट असतील तर जुनी गोष्ट. आतलं लाकूड पांढुरकं आणि खाली बारीक पिठूळ भुसा असेल तर कीड चालू आहे. पायांपाशी आणि पाठीच्या फळ्यांत आधी बघा, ओलीमुळे तिथे सुरुवात होते. पाय अंगठ्याने दाबून पाहा. भुसभुशीत लागला तर सोडून द्या.

*दोन कपाटांचं एक.* कधीकधी एकाची दारं आणि दुसऱ्याचं अंग जुळवलेलं असतं. दाराचा आणि खांबाचा रंग, बिजागऱ्यांच्या जुन्या बुजवलेल्या जागा, कोरीवकामाचा हात यांची तुलना करा. लग्नाच्या कपाटाचंच असं लग्न लावलेलं पाहून हसू येतं, पण भाव तसा द्यायचा नसतो.

रस्त्याच्या कडेला टाकून दिलेलं फुकटचं कपाट उचलायचा मोह होईल. उचलू नका. सांध्यांच्या फटींत ढेकूण आले तर कपाट फुकट आणि घर महाग पडतं.

५. कागदावरचे दोन शब्द

'एपोक लुई केंझ' आणि 'स्तील लुई केंझ' हे दोन शब्द मला सारखेच वाटले होते. लुई केंझ म्हणजे फ्रान्सचा राजा पंधरावा लुई. एका दुकानदाराने 'स्तील' लिहिलं होतं, मी त्याचा अर्थ अठरावं शतक असा घेतला. कपाट शंभर वर्षांचंही नव्हतं. त्याने मला फसवलं नाही, मला वाचता येत नव्हतं.

फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१ चा एक शासकीय आदेश आहे. त्याप्रमाणे 'एपोक' लिहिलं की वस्तू त्याच काळात बनली अशी हमी झाली. 'स्तील', म्हणजे त्या धाटणीचं, लिहिलं तर काळाची काहीच हमी नाही. पंधरावा लुई १७१५ ते १७७४ गादीवर होता. पण नॉर्मंडीचे सुतार वळणदार पाय आणि कमानदार दारं राजा जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी करत राहिले. १८२० चं कपाट त्या धाटणीचं असू शकतं, अस्सल जुनंही असू शकतं, आणि तरी ते पंधराव्या लुईच्या 'एपोक'चं नाही. माझ्या मते अशीच कपाटं घ्यावीत. भाव कमी, लाकूड तेच.

त्याच आदेशाने तुम्हाला आणखी एक हक्क मिळतो. मागितलं तर विक्रेत्याने वस्तूचा प्रकार, घडण, मूळ आणि वय लिहिलेलं बिल द्यायला हवं. म्हणून 'फाक्त्यूर' मागा. दुकानदार धंदेवाईक असेल तर रोख पैसे १,००० युरोपर्यंतच देता येतात, त्यापुढे कार्ड किंवा बँक. धंदेवाईकाकडून दूरस्थ खरेदी केली तर परत करायला १४ दिवस मिळतात. जाहीर लिलावात ते मिळत नाहीत.

जवळ ठेवायचे कागद:

- निवासाचा परवाना किंवा पासपोर्ट, आणि पत्त्याचा पुरावा (लिलावाच्या नोंदणीसाठी)
- वय आणि घडण लिहिलेलं बिल
- सगळ्या बाजूंचे फोटो, पाठीचेसुद्धा
- घराच्या विम्याचा कागद. भाडेकरूला विमा सक्तीचाच असतो, त्यात जुनं फर्निचर धरलं आहे का ते विचारा
- गाडी स्वतः चालवणार असाल तर परवाना आणि त्याचं फ्रेंच भाषांतर. भारतीय परवाना इथे स्थायिक झाल्यापासून पहिलं एक वर्षच चालतो

६. सुटं करा

लागणारं साहित्य: रबरी किंवा लाकडी हातोडी, बोटाइतका कडक लाकडाचा दांडका, पेन्सिल, कागदी चिकटपट्टी, पायरीची शिडी, जुनी ब्लँकेटं, बांधायचे पट्टे, खुंट्यांसाठी झाकणाचा डबा आणि दोन धट्टीकट्टी माणसं. लोखंडी हातोडी आणू नका. आणलीत तर कोणीतरी वापरेलच.

काहीही काढण्याआधी खुणा करा. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून एकच आकडा लिहा. खुंटी काढली की तिलाही तोच आकडा. खुंट्या हाताने केलेल्या असल्याने एकीची जागा दुसरी घेत नाही. पुष्कळदा लाकडावरच सुताराच्या छिन्नीच्या जुन्या खुणा सापडतात, रोमन आकड्यांसारख्या. माझ्या कपाटावर त्या होत्या. पहिल्यांदा मी त्या ओरखडे समजून घासायला निघाले होते.

मग हा क्रम:

आतलं सगळं आणि फळ्या काढा. दारं नव्वद अंशांत उघडून सरळ वर उचला, एकाने वरून आणि एकाने खालून धरून. दार दिसतं त्याहून जड असतं. मग शिडीवर चढून माथा उचला, तो नुसता टेकवलेला असतो. मग पाठीच्या फळ्या खाचेतून सरकवा. आता फक्त सांगाडा उरतो. खुंट्या किंचित निमुळत्या असतात. बारीक टोक कुठे आहे ते पाहा, त्यावर दांडका टेकवा आणि हलके ठोका. जाड बाजूने ठोकलंत तर खुंटी आणखी रुतते. निघत नसेल तर जोर लावू नका, कदाचित तो सांधा सुटा करायचा नसेलच. दोन बाजू म्हणजे डावी आणि उजवी भिंत सहसा अखंड ठेवतात, त्यांच्या खुंट्यांना हात लावायचा नाही. सुटतात ते पुढचे आणि मागचे आडवे तुकडे. ते सुटताना दोघांनी दोन्ही भिंती धरलेल्या हव्यात, नाहीतर एक भिंत शांतपणे कोणाच्या तरी पायावर येते.

अर्ध्या तासात डोंगर सपाट होतो. सगळ्यात मोठा तुकडा म्हणजे बाजूची भिंत, माणसाएवढी उंच आणि हातभर रुंद. ती कुठल्याही जिन्यात जाते. अवघड जातो तो माथा, कारण त्याला कोपरे असतात आणि कोपऱ्यांवर कोरीवकाम. त्याला दोन ब्लँकेटं.

जिना फारच वाईट असेल तर खिडकीतून सामान चढवायची यांत्रिक शिडी भाड्याने मिळते, 'मोंत-मब्ल' म्हणतात तिला. ती रस्त्यावर उभी राहते, म्हणून नगरपालिकेकडून जागेची परवानगी आधी काढावी लागते. सुटं केलेल्या कपाटाला मला तिची गरज पडली नाही. सुटं न केलेल्याला पडली असती, पण तेव्हा मला तो शब्दही माहीत नव्हता.

७. उभं करा आणि सरळ करा

क्रम उलटा. दोन्ही भिंती उभ्या धरून खालचे आडवे तुकडे, मग वरचे, मग खुंट्या अर्ध्याच बसवा. चारही कोन काटकोनात आले की मग पूर्ण. पाठ, माथा आणि शेवटी दारं.

दारं लागणार नाहीत. घाबरू नका आणि रंधा मागवू नका. जुन्या घराची जमीन उतरती असते. कपाट किंचित तिरकं झालं की दारं वर-खाली होतात. पुढच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवा आणि दारांच्या मधली फट बघा. दोन-तीन मिलिमीटरच्या फरकाने फट सरळ होते. जमलं की पुठ्ठ्याच्या जागी लाकडी पाचर. या एका पाचरीसाठी मी सुताराला बोलावणार होते.

भिंतीला अगदी चिकटवू नका, मागे हवा खेळायला हवी. रेडिएटरजवळ तर मुळीच नको. हिवाळ्यात इथली घरं आतून कोरडी होतात आणि ओकला चिरा पडतात. पडलेल्या चिरेत गोंद भरू नका, पावसाळी महिन्यांत ती पुष्कळशी मिटते. लहान मुलं असतील तर माथ्याखालचा आडवा तुकडा भिंतीला पट्ट्याने बांधा.

८. साफसफाई

आधी मऊ ब्रशने धूळ, मग किंचित ओलसर फडकं, मग दोन दिवस दारं उघडी. किडीची शंका असेल तर पायांखाली काळा कागद पसरून काही आठवडे वाट पाहा. पीठ पडलं तर लाकडाच्या किड्यांवरचं औषध आतून आणि पाठीला लावा, बाहेरच्या पॉलिशला नाही. वास पूर्ण जाईपर्यंत कापड आत ठेवायचं नाही. किडे वसंताच्या शेवटी आणि उन्हाळ्यात बाहेर पडतात, म्हणून हिवाळ्यात घेतलेल्या कपाटाची खरी परीक्षा मे-जूनमध्ये.

बाहेरून मधमाशीचं मेण, वर्षातून एकदा, अगदी पातळ. चकचकीत करणारे सिलिकॉनचे फवारे नकोत. राखाडी रंग देऊन 'नवं' करायची फॅशन आहे. कपाट तुमचं आहे, पण कबुतरांच्या पंखांतून रंग खरवडायला किती दिवस लागतात, हे आमच्या ओळखीच्या बाईंना विचारा.

९. चादरी रचा

उघड्या ओकवर कापड थेट ठेवू नका. ओकमध्ये टॅनिन असतं आणि त्याच्या आम्लाने पांढरं कापड पिवळं पडतं. ओल आणि लोखंडी खिळा जोडीला असेल तर काळा डाग पडतो, तो निघत नाही. प्रत्येक फळीवर धुतलेलं जुनं सुती कापड अंथरा. मी नऊवारीचे दोन तुकडे वापरले आहेत.

सगळ्यात वरच्या फळीवर क्वचित लागणारं. डोळ्यांच्या पातळीवर रोजच्या चादरी, घडीची गोल कड बाहेर, म्हणजे मोजता येतात आणि एक ओढताना दुसरी येत नाही. धुतलेली चादर ढिगाच्या तळाशी, वापरायला वरची घ्यायची. नाहीतर वरच्या दोनच झिजतात. जड गोधड्या आणि रजया सगळ्यात खाली.

जुन्या बाजारात तुम्हाला इथल्या जुन्या चादरीही दिसतील, मध्ये उभी शिवण असलेल्या. माग अरुंद असायचे, म्हणून दोन पट्टे जोडत. ते कापड तागासारखं खरखरीत लागतं, पण ते जवसाच्या झाडाचं असतं. आपण ज्याची चटणी करतो त्याच जवसाच्या खोडातला धागा. नॉर्मंडीत जूनमध्ये त्याची निळी फुलं शेतभर असतात, सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत गळतात. दोन-चार धुण्यांत चादर मऊ होते. कोपऱ्यातली लाल अक्षरं उसवू नका.

सुती आणि जवसाच्या स्वच्छ कापडाला कसर सहसा लागत नाही. ती लागते लोकर आणि रेशमाला. डांबरगोळ्या इथे शोधू नका, नॅप्थलीनच्या गोळ्यांवर युरोपीय संघात बंदी आहे. लोक लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या ठेवतात, मी त्यात भारतातून आणलेलं वेखंड घालते. पुरचुंडी कापडाला टेकवायची नाही, कोपऱ्यात टांगायची. पैठणी वेगळ्या मलमलमध्ये गुंडाळून मधल्या फळीवर, जरीची बाजू आत, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडायची, नाहीतर घडीवर जर तुटते.

किल्ली एकच असेल तर पहिल्याच आठवड्यात कुलूपवाल्याकडून दुसरी करून घ्या. पहिली कुलपातच राहू द्या, ती मूठ आहे. दुसरीला लाल दोरा बांधून घराच्या कागदांसोबत ठेवा.